चार बोटांची फट

धुळ्याच्या त्या तंत्रनिकेतनात भटू सरांना पोरं ‘भूकंप’ म्हणायची. पाठीमागे म्हणायची खरी, पण इतक्या मोठ्यानं की पुढं चालणाऱ्याला ऐकू गेलंच पाहिजे. सर जिन्यात दिसले की कोणीतरी ओरडायचं, “आला रे आला, भूकंप आला!” आणि सगळा वर्ग बाकं खडखडवायचा. दर वर्षी नवी पोरं यायची आणि दर वर्षी तोच विनोद त्यांना नव्यानं सुचायचा. शिक्षकांच्या खोलीतही वेगळं काही नव्हतं. कोणाच्या हातून कप निसटला की लगेच, “भटू सर, बघा हो, केंद्रबिंदू कुठाय ते!”

सर हसायचे. दुसरं काय करणार? आमच्या खान्देशात उन्हाचं बोला, अवकाळीचं बोला, माणसं खुर्ची ओढून बसतील. भूकंपाचं बोललात की त्यांना एकदम घरची कामं आठवतात. तापीच्या खोऱ्यात जमिनीच्या पोटात भेगा आहेत, कधीमधी मांडणीवरची भांडी वाजतात, पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा कापसाच्या भावाकडे वळतात. अशा मुलखात भूकंपात टिकणारा पाया शिकवत आयुष्य काढायचं म्हणजे बहिऱ्यांच्या गल्लीत शिट्ट्या विकायच्या. पण भटूनं काढलं.

त्याला हे खूळ कुठून लागलं म्हणाल, तर किल्लारीहून. त्र्याण्णव साली तो डिप्लोमाच्या वर्गात होता. धुळ्याहून भाकऱ्या आणि जुने कपडे घेऊन ट्रक निघाला, त्यात हाही चढला. परत आला तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. पुढे लग्न झाल्यावर एकदा फक्त बायकोला, मेघाला, म्हणाला होता, “आम्ही दगड उचलत होतो ना, तो प्रत्येक दगड कोणीतरी हौसेनं आणून स्वतःच्या घराला लावलेला होता.” त्यानंतर मेघानं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तेव्हापासून त्याचं एकच चाललेलं. घर मजबूत करा, लोखंड वाढवा, सिमेंट ओता, हे सगळे सांगतात. भटूचं म्हणणं वेगळं. तो म्हणायचा, जमीन हलते तेव्हा तिला घट्ट मिठी मारून बसलेलं घर तिच्याबरोबर हिसके खातं. त्यापेक्षा घराच्या खाली काहीतरी मऊ, सरकणारं द्या. हिसका तिथंच जिरेल. परदेशात त्यासाठी रबराच्या महागड्या उशा बसवतात. आपल्याकडे एवढे पैसे कोणाकडे? पण आपल्याकडे आग्रा रोड आहे! रोडवर टायरवाल्यांच्या दुकानांमागे झिजलेल्या टायरांचे ढीग पडलेले. ते बारीक कापायचे, वाळूत मिसळायचे, त्या मिश्रणाचा जाड थर पायाच्या खड्ड्यात दाबून भरायचा आणि त्याच्यावर अख्ख्या घराएवढा एकच काँक्रीटचा पाट टाकायचा. घर त्या पाटावर. त्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत छोटे नमुने हलवून पाहिले, निबंध लिहिले, पुण्याच्या एका परिषदेत वाचलेही. टाळ्या पडल्या. बांधलं मात्र कोणीच नाही.

बांधलं ते त्याच्या थोरल्या भावानं. जीवरामनं.

दोंडाईच्याहून तापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव. जीवराम शेती बघायचा, आई पार्वताबाई त्याच्याकडेच असायची. जुनं धाब्याचं घर गळायला लागलं तसं त्यानं ते पाडायचं ठरवलं आणि धाकट्या भावाला बोलावून घेतलं. भटूनं पायाचं सगळं समजावलं. जीवराम तंबाखू मळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “माले काही समजनं नही. पन तू शिकेल शे, तू करशी ते खरं.”

असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं भटू त्या दिवशी मेघाला फोनवर म्हणाला. म्हणाला तर म्हणाला. तेव्हा ते खरंच होतं.

आईची समजूत काढणं मात्र अवघड गेलं. “पायामा कोनी टायर टाकस का?” तिनं कपाळाला हात लावला. पायात सुपारी टाकतात, चांदीचा नाग टाकतात, पाच रत्नं टाकतात. ट्रकची टायरं? मग भटूनं स्वयंपाकघरातून परात आणली. परातीत बाजरीचे दाणे पसरले, त्यावर लाकडी पाट ठेवला आणि पाटावर भूषणच्या, म्हणजे पुतण्याच्या, जुन्या ठोकळ्यांचा मनोरा रचला. परात धरून गदागदा हलवली. खाली बाजरी सरकत राहिली, मनोरा थोडा डुलला आणि तसाच उभा राहिला.

“अरे वा!” वहिनी सुनंदाबाई हसली.

“आता बघा,” भटू म्हणाला. त्यानं पाट एका बाजूला ढकलून परातीच्या कडेला टेकवला आणि पुन्हा हलवलं. पहिल्याच हिसक्याला ठोकळे धडाधड खाली आले. एक जाऊन चुलीजवळ पडला.

“कड लागनी म्हनीसन पडनं,” आई म्हणाली.

भटूला इतका आनंद झाला की त्यानं आईचे पाय धरले. कॉलेजात जे समजवायला त्याला एक अख्खं सत्र लागायचं, ते ती एका वाक्यात बोलली होती. कड लागता कामा नये. घराभोवती चारही बाजूंनी चार बोटांची फट मोकळी राहिली पाहिजे. त्या फटीत माती नको, खडी नको, काही म्हणजे काही नको. वरून नुसते लोखंडी पत्रे टाकायचे, तेही सुटे. सगळी करामत त्या मोकळ्या जागेत आहे हे त्यानं जीवरामला सांगितलं, वहिनीला सांगितलं, गवंड्यांना सांगितलं आणि जाता जाता पुन्हा एकदा जीवरामला सांगितलं.

घर झालं. टायरच्या तुकड्यांचे ट्रॅक्टर गावात शिरले तेव्हा पारावरच्यांची करमणूक झाली. “जीवराम, घरले गिअर किती टाकात रे?” “पंक्चर झालं तर कोनले बलावशी?” गावचा ठेकेदार प्रेमराज तर रोज येऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि काही न बोलता नुसता हसायचा. गावाला ते ‘टायरनं घर’ झालं. जीवराम सगळ्यांना एकच सांगायचा, “मना भाऊनं डोकं शे त्याच्यामा.” हे तो छाती काढून सांगायचा, बरं का. पुढे जे झालं ते ऐकताना हे विसरू नका.

आणि मग शाळेचं निघालं. गावातली मराठी शाळा पाडून नवी बांधायची होती. सरपंच कुंदाबाई चौथीपर्यंत त्याच जुन्या शाळेत शिकलेली. भटूनं तिला जीवरामचं घर दाखवलं, फटीत हात घालायला लावला. तिनं घातला. म्हणाली, “सर, आपल्या पोरांची शाळा अशी झाली तर?” झालं! भटूला आयुष्यात दुसरं काही नको होतं. तालुक्याच्या बांधकाम साहेबांकडे त्यानं इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्याला न विचारता पाणी द्यायला लागला. साहेबांनी अखेर हो-नाहीच्या मधलं उत्तर दिलं. घर एक-दोन वर्षं कसं टिकतंय ते बघू, नीट राहिलं तर शाळेला असा पाया करायची शिफारस करतो. म्हणजे आता सगळं त्या एका घरावर आलं. घर टिकलं तर शाळा. भटू रात्री अंथरुणावर पडला की त्याला त्या शाळेची वर्गखोली दिसायची, आणि तीत बसलेली पोरं.

पहिला श्रावण आला.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. ज्यांना माहीत नसेल त्यांनी एवढं समजून घ्यावं की आमची दिवाळी एकवेळ चुकेल, कानबाई चुकत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदकीतल्या, म्हणजे एका कुळातल्या, थोरल्याच्या घरी देवी बसते, सगळी भाऊबंदकी गोळा होते. आधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचं पीठ होतं, त्याचे रोट होतात. ते रोट भाऊबंदकीनंच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. जावई आला तरी त्याला ते मिळत नाहीत. कोण आपला आणि कोण परका, हे आमच्याकडे कोणी सांगत बसत नाही. कोणाच्या नावाची मूठ पडली ते बघतात. पार्वताबाईचा क्रम ठरलेला होता. आधी जीवराम, मग भटू, मग भूषण, आणि मग चुलतघरांतले.

त्या वर्षी भटू जाऊ शकला नाही. कॉलेजात नेमकी त्याच रविवारी तपासणी समिती येणार होती आणि प्राचार्यांनी रजेचा अर्ज न वाचताच बाजूला सारला. भटूनं फोन केला. “काही हरकत नही,” आई म्हणाली. “तुना नावनी मूठ टाकी दिनी मी.” मग फोन जीवरामनं घेतला. मागे ढोल वाजत होता. तो ओरडून सांगत होता, “भटू, पुढे मी ओटा करा. झकास! येशी तव्हय देख!”

“छान केलंस, दादा,” भटू म्हणाला. समोर तपासणीवाले दारात उभे होते. त्यानं फोन ठेवला.

आता इथं काय झालं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आधीच सांगतो. देवी बसायच्या चार दिवस आधी भाऊबंदकीतली एक म्हातारी चुलती घर बघायला आली. तिचा पाय सुट्या पत्र्यावर पडला, पत्रा खणाणला, ती दचकली. खाली वाकून बघते तो घराभोवती भेग. तिनं तोंडावर हात ठेवला. “धरतीपासून तोडेल घर शे हाई! अशा घरमा कानबाई बसाव नही.” एवढं एक वाक्य बोलून ती बाई गेली. तेवढं पुरलं. सुनंदाबाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. नव्या घरातली पहिली कानबाई, शंभर माणूस येणार, आणि देवीनं पाठ फिरवली तर? भूषणचं लग्न ठरत होतं. जीवराम आधी फट बुजवायला नाही नाही म्हणाला. मग म्हणाला, फक्त पुढची बाजू, दारापुरती. प्रेमराजचं काँक्रीट दुसऱ्या कामावरून उरलेलंच होतं. त्यानं उदार मनानं ट्रॉली आणून ओतली. दाराच्या पुढची ओतता ओतता दोन्ही बाजूंचीही भरली. वर ओटा बांधला, त्यावर चकचकीत लाद्या बसवल्या. देवी त्या ओट्यावरून वाजतगाजत घरात गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावरून नदीला गेली. सगळे म्हणाले, कशी प्रसन्न दिसत होती!

पार्वताबाई त्या वेळी कुठं होती? तिथंच होती. परातीतले ठोकळे कड लागून पडलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. ती बोलली नाही. म्हातारपणी माणूस ज्याच्या घरात राहतो त्याच्याच बाजूनं गप्प बसतो, एवढंच मी म्हणेन.

हिवाळ्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला भटू फळ्यावर तुळईची आकृती काढत होता आणि खडू घसरला. वर पंखा बंद असून हलत होता. पोरं नेहमीसारखी ओरडली, “भूकंप!” आणि मग एकदम गप्प झाली, कारण या खेपेला बाकं कोणी हलवत नव्हतं. चार-पाच श्वास घेईपर्यंत सगळं थांबलं. पोरं दाराकडे पळाली.

भटू तिथंच उभा राहिला. खोटं कशाला बोलू, त्याला आनंद झाला. लाज वाटली, पण आनंद झालाच. आला बाबा एकदाचा! सौम्य धक्का होता, कोणी मरणार नव्हतं, चार जुनी कौलं पडली तर पडतील. पण जीवरामचं घर त्याच्या वाळूवर डुललं असेल आणि शांत उभं राहिलं असेल. आता साहेब काय म्हणतील? आता पारावरचे काय म्हणतील? त्यानं प्राचार्यांना न विचारता मोटारसायकल काढली. आयुष्यात पहिल्यांदा. नरडाण्याच्या पुढं वारा इतका गार होता की डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हा गडी गाडीवर एकटाच हसत होता.

घरापुढं गर्दी होती. त्याला पाहून लोकांनी वाट दिली आणि कोणीतरी मागून मोठ्यानं म्हणालं, “बठ्ठा गावना घरं उभा शेतस, इंजिनेरनंच घर तडकनं!” सगळे हसले.

दाराच्या उजव्या बाजूला, जोत्यापासून निघून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा तडा गेला होता. त्यात हाताची बोटं मावली असती. आतला जिना भिंतीपासून सुटला होता. शेजारची मातीची घरं जशीच्या तशी उभी होती. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती. भटू तड्याकडे बघत राहिला. हे शक्य नव्हतं. मग त्यानं तडा जिथून सुरू झाला होता तिथं पाहिलं, आणि त्याला तो ओटा दिसला. गुळगुळीत, लाद्यांचा, घराच्या जोत्याला घट्ट चिकटलेला. तो गुडघ्यांवर बसला, जोत्याच्या कडेनं हात फिरवत गेला. पत्रे नव्हते. फट नव्हती. तो कोपऱ्यापर्यंत तसाच रांगत गेला आणि परत आला. लोकांना वाटलं सर रडतायत.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “फट कुठंय?”

जीवरामनं दुसरीकडे पाहिलं. “घरमा चाल. चहा ले.”

भटू भावाला त्या दिवशी एक शब्द बोलला नाही, आणि ही त्याची चूक असेल तर असो. त्याला वाटलं, दोन दिवसांनी साहेब पाहणीला येणार आहेत, तेव्हा दादा आपणहून सांगेल. फट बुजवली म्हणून तडा गेला, एवढंच सांगायचं होतं. त्यात पायाचा दोष नाही, हे साहेबांना लगेच कळलं असतं. शाळा वाचली असती. भटूनं दोन्ही रात्री मेघाला हेच सांगितलं. मेघा म्हणाली, “सांगतील ना हो. भाऊ आहेत.”

साहेब आले. सरपंच कुंदाबाई आली, प्रेमराज आला, भाऊबंदकीतले हिलाल आबा आणि अजून दहा-बारा जण आले. जीवरामनं खुर्च्या मांडल्या त्या ओट्यावरच. साहेबांनी तडा पाहिला, मोबाईलवर फोटो काढले. भटूनं शांतपणे सगळं समजावलं. घराभोवती मोकळी जागा होती, ती काँक्रीटनं भरली गेली, म्हणून घराला सरकायला जागा राहिली नाही, ते ओट्यावर आदळलं आणि तडकलं.

साहेबांनी जीवरामकडे पाहिलं. “काय हो? बुजवली होती का?”

जीवरामच्या कपाळावर घाम आला होता. हो म्हणावं तर भाऊबंदकीसमोर कबूल करायचं की देवीसाठी बांधलेल्या ओट्यानं घर फोडलं. चुलती समोर, बायको दारात, भूषणचे होणारे सासरेही आलेले. तो काही वाईट माणूस नव्हता, मी आधीच सांगितलंय. पण माणूस वाईट असावाच लागतो असं थोडंच आहे?

“फट?” तो म्हणाला. “कसानी फट? तठे फट व्हतीच नही.”

कुंदाबाईनं तोंड उघडलं, तिनं तर त्या फटीत हात घातला होता. पण घर जीवरामचं, भांडण भावाभावांचं. तिनं तोंड मिटून घेतलं. प्रेमराज आपल्या चपलेकडे बघत होता. भटूनं आईकडे पाहिलं. ती उंबऱ्याच्या आत बसली होती. “आई,” तो म्हणाला, “तू सांग. परातीतलं आठवतंय ना तुला? कड लागली की काय होतं?”

“माले काही माहीत नही, भो,” पार्वताबाई म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

तेव्हा भटूनं डोक्यात राख घालून घेतली. शेजारी गोठ्याचं काम चाललेलं, तिथं घण पडला होता. त्यानं तो उचलून आणला. “उठा,” तो खुर्च्यांवरच्यांना म्हणाला. लोक उठले, तो काय करणार हे कळायच्या आत त्यानं पहिला घाव घातला. चकचकीत लादीचे तुकडे उडाले. “अरे, देवीना ओटा शे तो!” चुलती किंचाळली. सुनंदाबाई धावली, तिला बायकांनी धरलं. भटू मारतच राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, खडू सोडून काही न उचललेला, धापा टाकत, चष्मा नाकावरून घसरलेला, घण मारत होता आणि जीवराम हात खाली सोडून बघत उभा होता. लाद्या गेल्या, खालचा थर गेला, आणि मग जोत्याला चिकटलेलं काँक्रीट उघडं पडलं. त्याच्या तळाशी वाकून मुडपलेला लोखंडी पत्रा होता. फटीवर झाकायचा पत्रा. प्रेमराजनं तो काढायचीही तसदी घेतली नव्हती.

“ही फट,” भटू म्हणाला. “बघा साहेब. ही.”

साहेब वाकले. नीट पाहिलं. उठून हात झटकले. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांच्यावरही राग धरता येत नाही, हेच तर वाईट आहे.

“तुमचं बरोबर आहे, सर,” ते म्हणाले. “शंभर टक्के बरोबर आहे. पण मला सांगा, ज्यानं हा पाया काढला त्याच्या सख्ख्या भावाच्या घरात ही फट एक वर्ष टिकली नाही. उद्या शाळेत हेडमास्तर बदलतील, शिपाई बदलतील, पोरं कचरा टाकतील, कोणी कट्टा बांधेल, कोणी देवळी बांधेल. तिथं फट कोण राखणार? मी कोणाच्या भरवशावर सही करू?”

इतकी वर्षं भटूनं वाळू मोजली, रबर मोजलं, हिसके मोजले. माणसं त्याच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. त्याला ते तिथं, हातात घण धरून उभं असताना समजलं. शाळा नेहमीच्या पायावर होईल, असं ठरून सगळे गेले.

जीवराम मागे राहिला होता. त्यानं फुटक्या लाद्यांकडे पाहिलं, वर भावाकडे पाहिलं. “सापडनी ना तुनी फट?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “आते ती ली जाय.”

भटू मोटारसायकलवर बसला. आई बाहेर आली नाही.

पुढे उन्हाळ्यात शाळेचं काम सुरू झालं. काळी माती थोडी खरवडून प्रेमराजनं पाया भरला आणि भिंतींवर पोरांसाठी छान चित्रं काढून घेतली, मोर, आगगाडी, डोंगरामागून उगवणारा सूर्य. उद्घाटनाला भटूला बोलावणं नव्हतं. कॉलेजात पोरं अजून ‘भूकंप’ म्हणायची, पण सर आता हसत नसत, त्यामुळे त्यांनाही त्यात मजा उरली नाही. भूषणचं लग्न झालं. पत्रिका आली ती पोस्टानं, तीही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मेघा रडली. भटू म्हणाला, “पोस्टाचं काही खरं नाही हल्ली.”

मग पुन्हा श्रावण आला. नागपंचमी जवळ आली तरी गावाकडून फोन नाही. दर वर्षी आई आठवडाभर आधी विचारायची, कधी येशी? मेघानं स्पष्ट सांगितलं, “बोलावल्याशिवाय जायचं नाही. आपल्याला काही मान आहे की नाही?” भटू हो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दोंडाईच्याला एकाकडे काम आहे असं सांगून, तो गावाकडे निघाला. त्याला वाटलं, फोन करायचं राहून गेलं असेल. कानबाईचं काम असतं, गडबड असते. समोर जाऊन उभं राहिलं की आई म्हणेल, ये.

घरासमोर कोणी नव्हतं. भिंतींना नवा चुना लागला होता, तडा भरून त्यावर रंग दिला होता. ओटा नव्हता. भटू थबकला. ओट्याच्या जागी दारापर्यंत लोखंडी पत्रे टाकलेले होते, सुटे, त्यानं सांगितलं होतं तसेच. तो वाकला, एक पत्रा उचलला. खाली फट होती. मशीन लावून काँक्रीट कापून काढलेलं, कडा घासलेल्या. त्यानं हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला आणि कुठंच काही लागलं नाही. पालापाचोळासुद्धा नाही. कोणीतरी ती नुकतीच झाडून काढली होती. तो तसाच घराच्या कडेनं गेला, मागच्या कोपऱ्यापर्यंत. चारही बाजूंनी फट मोकळी होती.

दादानं केलं होतं. दुसरं कोण करणार? पटलं होतं तर त्याला! तो झपाझप पुढच्या बाजूला आला. आता हाक मारायची, आत जायचं, भावाच्या गळ्यात पडायचं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून आईचा आवाज आला आणि तो पत्र्यावर पाय ठेवता ठेवता थांबला. ती रोटांचे गहू मोजत होती. मूठ भरायची, नाव घ्यायचं, परातीत सोडायची.

“हाई जीवरामनी,” आई म्हणाली. गहू परातीत पडल्याचा आवाज आला.

भटू पत्र्याच्या अलीकडे उभा राहिला. आत थोडा वेळ काहीच आवाज झाला नाही. तिची मूठ पोत्यात असावी. त्याला वाटलं, आता.

“हाई भूषणनी,” आई म्हणाली.